न सांगितलेले दुखणे

(मंडळाच्या सणसवाडी येथील वार्षिक मेळाव्यात रुग्णसाहाय्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



वार्षिक मेळावा हा आनंदाचा प्रसंग. सकाळी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, दुपारी वधू-वरांचा परिचय व्हावयाचा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये रुग्णसाहाय्य समितीने उभे राहून कर्करोगाचे नाव काढावे, हे काहींना रुचणार नाही. तरीही हीच वेळ आम्ही मुद्दाम मागून घेतली. तिचे कारण भाषणाच्या ओघात आपल्या ध्यानी येईल.

आम्ही डॉक्टर नाही. गाठ केव्हा कापावी, औषध कोणते द्यावे, हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. रोग्याबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसणे, कागदपत्रे गोळा करणे, मुक्कामाची सोय पाहणे, एवढेच आमचे काम. ते करीत असता एक गोष्ट वारंवार दिसली. दुखते कोठे, हे रोगी डॉक्टरांना सांगतो. पण खुपते कोठे, हे तो कोणालाच सांगत नाही. त्या न सांगितलेल्या दुखण्याची ओळख आपणा सर्वांस पटावी, एवढाच आजचा विषय आहे.

हा रोग आता परक्याच्या घरचा राहिलेला नाही. २०२२ साली भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाले व ९ लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या महाराष्ट्राचा या रोगाशी झुंजण्याचा इतिहासही मोठा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढे त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे खेड्यापाड्यांतील कर्करोग्यांची नोंदणी सुरू झाली. तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच सापडला तर पुष्कळदा बरा होतो, हे आता सर्वमान्य आहे. तेव्हा कर्करोग म्हणजे मृत्यूच, ही समजूत आपण प्रथम टाकून द्यावी. ती समजूतच निम्मे दुःख निर्माण करते.

देहाबरोबर मनाकडे आणि घराकडेही पाहिले पाहिजे, ही जाण वैद्यकास हळूहळू आली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. ती आपल्या देशातील पहिलीच. लंडन येथे १९६७ साली सेंट ख्रिस्टोफर्स हे असाध्य रोग्यांसाठीचे शुश्रूषागृह उघडणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी 'समग्र वेदना' हा विचार मांडला. रोग्याची वेदना शरीराची असते, मनाची असते, घरादाराची असते आणि श्रद्धेचीही असते, आणि यांतील एकीकडे दुर्लक्ष केले तर दुसरी शमत नाही, असा त्याचा आशय. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ पासून कर्करोग्यांच्या मनाचे शास्त्रच उभे केले. 'मानसिक रोग' हे शब्द ऐकताच माणूस अंग चोरतो, हे जाणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा शब्द निवडला. आपल्या भाषेत त्यास क्लेश म्हणता येईल. मला मानसिक रोग आहे, असे कोणी कबूल करीत नाही. मला क्लेश होतात, असे म्हणावयास कोणास लाज नाही.

रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या कर्करोग्यांच्या पाहण्यांतून असे दिसले आहे की, तिघांमागे सुमारे एकाच्या मनाची अवस्था उपचार करण्याजोगी बिघडलेली असते. अनेकदा ती डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. दहा मिनिटांच्या भेटीत ती लक्षात यावी कशी? रोगी चोवीस तास असतो तो घरी. म्हणून ओळखण्याचे काम घराचे, भावकीचे आणि शेजाऱ्यांचे आहे. डॉक्टरांकडे जाताना कागदांच्या पिशवीबरोबर ही खबरही नेली पाहिजे.

हे क्लेश आपल्या घरांत कोणत्या रूपाने प्रकट होतात, ते आता पाहू. 'मी खचलो आहे' असे आपला माणूस सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "आता कशाला खर्च करताय? पोरांचं बघा." ऐकणाऱ्यास हा त्याग वाटतो, आणि आपण त्याचे कौतुकही करतो. वस्तुतः पुष्कळदा ती निराशा असते. रोज पहाटे उठून गोठ्यात जाणारा माणूस उठेनासा होतो. काकड आरतीला न चुकणारी आजी 'पाय दुखतात' म्हणून देवळात जाणे सोडते. नातवंड मांडीवर आले तरी हात फिरत नाही. अशा वेळी केवळ अशक्तपणा म्हणून स्वस्थ बसू नये.

येथे एक बारीक भेद ध्यानात घेतला पाहिजे. भूक मंदावणे, वजन उतरणे, थकवा येणे, ही लक्षणे रोगामुळे व औषधांमुळेही होतात. त्यांवरून मनाचा अंदाज बांधणे कठीण. परंतु आवडत्या गोष्टींतील गोडी जाणे, आपण सर्वांना भार झालो असे वाटणे, स्वतःस अपराधी मानणे, आणि उद्याचा दिवस नकोसा होणे, ही मनाची लक्षणे होत. दुःख कोणास होत नाही? रोगाचे नाव ऐकल्यावर माणूस चार दिवस रडला, जेवला नाही, तर ते स्वाभाविकच आहे. पण हीच अवस्था दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवड्यांहून अधिक राहिली, तर त्यास उदासीनतेचा आजार समजून डॉक्टरांस सांगावे. त्यावर औषध आहे, उपचार आहे, आणि तो घेण्यात कमीपणा नाही.

दुसरे दुःख देहाच्या लाजेचे. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांनी तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढविले आहे. जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या तोंडातून घास सांडतो, लाळ गळते, शब्द नीट उमटत नाहीत. असा माणूस प्रथम काय सोडतो? पंगत. लग्नाला जातो, अक्षता टाकतो आणि जेवणापूर्वी निघून येतो. 'पथ्य आहे' एवढे तो सांगतो. आपल्या समाजात पंगतीतून उठणे म्हणजे समाजातून उठणे, हे आपण सारे जाणतो. स्तनाची शस्त्रक्रिया झालेली भगिनी हळदीकुंकवास जाईनाशी होते. केस गेले म्हणून विहिरीवर, नळावर अवेळी जाते. पतीशी बोलणे तुटते. कित्येक स्त्रिया तर गाठ हाताला लागूनही महिनोन्‌महिने पदराआड लपवितात, कारण सांगावयाचे कोणास, हाच प्रश्न असतो. सासूने, जावेने, नणंदेने जर एकदा जवळ बसून विचारले असते, तर तो रोग लवकर सापडला असता.

तिसरे दुःख दोषाचे. "तंबाखू खाल्लीत म्हणून झाले," हे वाक्य रोग्यास भेटावयास येणारा प्रत्येक पाहुणा ऐकवून जातो. तंबाखू वाईटच, ती मुलांच्या हाती पडू नये म्हणून आपण जिवापाड झटावे. परंतु जो अंथरुणावर पडला आहे, त्यास हे ऐकवून काय साधते? तो स्वतःस गुन्हेगार समजू लागतो, आणि गुन्हेगार मनुष्य मदत मागत नाही. ज्याने कधी सुपारीसही हात लावला नाही, त्यासही हा रोग होतो. त्याला मग 'पूर्वजन्मीचे पाप' ऐकावे लागते. पापपुण्याचा निवाडा करण्यासाठी रोग्याचे अंथरूण ही जागा नव्हे.

चौथे दुःख वेगळ्या ताटाचे. कर्करोग स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, एका अंथरुणावर बसल्याने होत नाही. तरीही काही घरांत रोग्याचा पेला, ताट, टॉवेल वेगळे होतात आणि मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. केमोथेरपीच्या काळात रोग्याला सर्दी-तापाचा संसर्ग होऊ नये म्हणून गर्दी टाळावी लागते, हे खरे. परंतु ती काळजी रोग्याच्या रक्षणासाठी असते, इतरांच्या नव्हे. हा फरक त्याला स्पष्ट सांगितला नाही, तर तो स्वतःस अस्पर्श समजतो. रामकृष्ण परमहंसांना १८८५ साली घशाचा कर्करोग झाला, आणि काशीपूरच्या बागेतील घरात १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग लागेल की काय, अशी शंका त्यांच्या काही शिष्यांच्या मनात आली होती. तेव्हा नरेंद्राने, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंदांनी, गुरूंच्या पेल्यात उरलेली पेज सर्वांसमक्ष पिऊन टाकली, असे चरित्रकार सांगतात. आपणास एवढे करावयाचे नाही. त्याच ताटलीत चहाचा कप पुढे केला, तरी पुष्कळ झाले.

आता आपल्या सणसवाडी परिसराविषयी. एके काळचे हे शेतीचे गाव पुणे-नगर रस्त्यावरील कारखान्यांमुळे पार बदलून गेले. आपल्या मंडळातही आता दोन तऱ्हांची घरे आहेत. एक जुनी, वाड्यातली, भावकीने भरलेली; दुसरी भाड्याच्या एका खोलीतली, पोटासाठी दूरच्या जिल्ह्यांतून येऊन राहिलेली. पहिल्या घरातील रोग्यास एकांत मिळत नाही. भेटावयास येणाऱ्यांची रीघ लागते, आणि चार माणसांत त्याला रडताही येत नाही. दुसऱ्या घरातील रोग्यास सोबत मिळत नाही. नवरा पाळीला गेला की दार लोटून ती एकटीच पडलेली असते. एकाला थोडा निवांतपणा हवा, दुसऱ्याला माणूस हवे. मदत करणाऱ्याने आधी हे ओळखावे.

या दुसऱ्या घराचे दुःख बहुधा पैशाच्या रूपाने येते. किरणोपचार म्हणजे आठवड्यातील पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे, रोज पुण्यास जाणे. वाघोलीची वाहतूक कोंडी ओलांडून जाणे-येणे म्हणजे साराच दिवस गेला. रोग्याचा रोज बुडतो आणि सोबत जाणाऱ्याचाही. कंत्राटी कामगाराचे तर खाडे वाढले की काम जाते. म्हणून तो दोन वेळा जातो आणि तिसऱ्यांदा 'बरे वाटते' म्हणून घरी राहतो. मध्येच उपचार सोडणे हे हट्टाचे नव्हे, बहुधा अडचणीचे लक्षण असते. अशा वेळी 'का गेला नाहीत?' असे दरडावू नये. 'जायला काय आड आले?' असे विचारावे. उत्तर बहुधा भाड्याचे, सोबतीचे किंवा मालकाचे असते, आणि त्यावर उपाय असतात. कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास उपचारासाठी रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, एस.टी.तही रोग्यास सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च मान्यताप्राप्त रुग्णालयांत भागतो. कामगार राज्य विमा योजनेतील कामगारास, सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर अशा दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के इतका लाभ मिळू शकतो. कारखान्यांच्या या पट्ट्यात ही गोष्ट किती कुटुंबांस ठाऊक आहे? मुंबईस जावे लागले, तर दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांनी असंख्य परगावच्या रोग्यांस आसरा दिला आहे. रोग बरा होण्याजोगा उरला नसेल, तरीही वेदना शमविण्याजोगी असते. पुण्यास वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे वेदनाशामक उपचार केंद्र विनामूल्य सेवा देत आहे. पुष्कळदा शरीराची कळ थांबली की मरणाची भाषाही थांबते.

ओळखण्यासाठी एक सोपे साधन आहे. डॉ. हॉलंड यांच्या सहकाऱ्यांनी थर्मामीटरसारखी एक आकृती केली. तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे असतात. शून्य म्हणजे क्लेश मुळीच नाही, दहा म्हणजे सोसवेनासा. गेल्या आठवड्यात, आज धरून, तुमचा क्लेश किती होता, एवढेच विचारावयाचे. चार किंवा त्याहून अधिक आकडा सांगितला, तर पुढे चौकशी करावयाची की हे ओझे कशाचे आहे: पैशाचे, मुलांचे, झोपेचे, वेदनेचे की भीतीचे? ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्यास दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणावयास सांगावे. हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. रोगाचे नाव कळते तेव्हा, उपचार सुरू होतात तेव्हा, आणि विशेषतः उपचार संपतात तेव्हा तो विचारावा. उपचार संपले की घर निर्धास्त होते, आणि रोग्याची भीती मात्र तेव्हाच सुरू होते. पाठ दुखली तरी 'परत आला का?' या शंकेने त्याची झोप उडते. तपासणीची तारीख जवळ आली की तो चिडचिडा होतो. हा स्वभाव नव्हे, भय आहे.

कसे विचारावे, हेही सांगितले पाहिजे. "काही होत नाही, धीर धरा," हे आपले नेहमीचे वाक्य चांगल्या हेतूचे आहे. पण त्याने रोग्याचे बोलणे तेथेच मिटते. त्याऐवजी, "अण्णा, रात्री झोप लागते का? जागे असता तेव्हा मनात काय येते?" असे विचारून गप्प बसावे. घरातील माणसे डॉक्टरांना म्हणतात, "त्यांना सांगू नका." हे प्रेमाने म्हटलेले असते, परंतु रोग्यास बहुधा सारे कळलेले असते. रुग्णालयाच्या फलकावरील अक्षरे त्यालाही दिसतात. मग तो घरच्यांना कळू नये म्हणून लपवितो आणि घरचे त्याला कळू नये म्हणून लपवितात. एकाच घरात दोन मुकी दुःखे नांदू लागतात. बळजबरीने सर्व सांगावे, असे आमचे म्हणणे नाही. "तुम्हांला कितपत जाणून घ्यावेसे वाटते?" हा प्रश्न त्यालाच विचारावा, आणि त्याच्या उत्तरास मान द्यावा.

रोग्याच्या तोंडी जीव देण्याची भाषा आली, तर ती थट्टेवारी नेऊ नये. 'तसे काही मनात येते का?' असे सरळ विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मन हलके होते. त्यास एकटे सोडू नये, शेतीची औषधे कुलपात ठेवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारची विनामूल्य सेवा आहे. ती २०२२ साली सुरू झाली. सेवा करणाऱ्या पत्नीस, सुनेस अथवा मुलासही तेथे बोलता येते. त्यांचाही क्लेश कोणी मोजीत नाही.

आता, हीच वेळ आम्ही का मागून घेतली, ते सांगतो. आमच्या पाहण्यात आलेल्या घरांत रोग लपविण्याचे सर्वांत मोठे कारण खर्च नव्हते, भीतीही नव्हती. ते होते मुलीचे लग्न. "आईला कॅन्सर आहे असे कळले, तर स्थळ येणार नाही," या एका वाक्याने कित्येक आयांनी आपली गाठ वर्षभर झाकून ठेवली आहे. मुंबईस नेले तर 'मामाकडे गेली' असे सांगितले आहे. केस गेले तर 'तिरुपतीला दिले' असे सांगितले आहे. अशा आईस कोण भेटावयास जाणार आणि तिचे मन कोण ओळखणार? तिच्यावर हे मौन लादणारे दुसरे कोणी परके नाहीत, बंधूंनो. दुपारी याच मांडवात जे प्रश्न विचारले जातील, तेच ते लादतात.

शास्त्र काय सांगते, हे स्वच्छ समजून घेऊ. शंभर कर्करोग्यांपैकी सुमारे पाच ते दहाजणांतच तो आईबापांकडून आलेल्या दोषाशी निगडित असतो. उरलेल्यांत तसे नसते. ज्या थोड्या घराण्यांत स्तनाचा अथवा अंडाशयाचा रोग पिढ्यान्‌पिढ्या दिसतो, त्यांस तपासणीचा व सल्ल्याचा मार्ग आहे. आणि तो मार्ग लपविल्याने नव्हे, उघड बोलल्यानेच सापडतो. मग आईच्या आजारावरून मुलगी नाकारणे, यास शास्त्राचाही आधार नाही आणि माणुसकीचा तर नाहीच.

यास्तव समितीच्या वतीने मंडळापुढे तीन विनंत्या ठेवितो. वधू-वर परिचयपत्रात किंवा परिचयाच्या वेळी आईवडिलांच्या आजाराची विचारणा होऊ नये, असा ठराव मंडळाने करावा. पुढील वर्षापासून मंडळाच्या प्रत्येक पंगतीत, ज्यांना चावण्या-गिळण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी मऊ अन्नाची सोय इतरांच्या बरोबरीने, त्याच पंगतीत असावी. निराळ्या खोलीत नव्हे. आणि प्रत्येक गावातील दोन माणसांनी, एक पुरुष व एक स्त्री, आपल्या गावच्या रोग्याच्या घरी महिन्यातून एकदा जाऊन तो दहा पायऱ्यांचा प्रश्न विचारण्याचे पत्करावे. या कामाला देणगी लागत नाही. तासभर बसण्याची तयारी आणि कानावर आलेले पोटात ठेवण्याचा संयम लागतो. ज्यांना हे साधेल त्यांनी मेळावा संपण्यापूर्वी कार्यवाहांकडे आपली नावे द्यावीत.

 या मांडवात आजही अशी एखादी भगिनी बसली असेल, जिने पदराखाली काही लपविले आहे. तिला आमचे सांगणे एवढेच की, बाई, उद्याच डॉक्टरांना दाखव. आणि तिच्या शेजारी बसलेल्यांना विनंती ही की, तिने तोंड उघडले तर मध्ये बोलू नका, ऐका.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.